चहाआधीचा विनोद

सकाळी सात वाजता लोकांना हसवण्याचा धंदा ज्यानं पहिल्यांदा शोधून काढला, तो माणूस आदल्या रात्री झोपलाच नसणार. झोपून उठलेल्या कुणाला ही कल्पना सुचणं शक्य नाही. नाटकातल्या विनोदी नटाचं बरं असतं. त्याचा प्रेक्षक तिकीट काढून, पावडर लावून, मध्यंतरातल्या बटाटेवड्याकडे लक्ष ठेवून बसलेला असतो. पैसे फिटावेत म्हणून तो थोडाफार हसायच्या तयारीनंच येतो. सकाळच्या रेडिओवाल्याचा श्रोता कोण? एकाच्या तोंडात ब्रश, एकीच्या हातात लाटणं, तिसऱ्याला मोज्याचा जोडीदार सापडत नाही आणि चौथ्याला चहा मिळेपर्यंत घरचे माणसात धरत नाहीत. ज्या घरात या वेळी नवरा-बायको एकमेकांशी बोलायचं टाळतात, त्या घरात हा गृहस्थ चार तास बोलतो आणि स्वतःच्या बोलण्यावर पहिला आपणच हसतो. त्याला इलाज नाही. स्टुडिओत हसायला दुसरं कुणी नसतं.

जालन्यातल्या मस्तगडात हे हसू लांबून येतं. निजामाच्या काळात, १७२५ च्या सुमाराला, इथं किल्ला उठला आणि भागाला त्याचं नाव पडलं. किल्ल्यावरून आता कुणी आरोळी देत नाही, पण सकाळच्या आवाजाची उणीव म्हणून भासत नाही. अजान होते, देवळातली आरती होते, घंटागाडी गाणं वाजवत येते, दुधाच्या कॅन आपटतात, आणि नळाचा दिवस असेल तर गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. या सगळ्यावरून चहाच्या टपरीवरच्या रेडिओनं ऐकू यायचं म्हणजे त्याला ओरडणं भाग आहे. एरियल कधीच तुटलेला असतो. त्या जागी वायरचा तुकडा खिळ्याला अडकवलेला. नशीब जोरावर असलं तर छत्रपती संभाजीनगर लागतं.

मग साठ किलोमीटरवरचा आरजे मोठ्या आपुलकीनं सांगतो, दोस्तहो, जालना रोडवर तुफान ट्रॅफिक आहे, जरा लवकर निघा. टपरीवर बाहेरगावचा कुणी असेल तर तो दचकतो. जुन्यांना माहीत असतं की जालना रोड हा संभाजीनगरातला मुख्य रस्ता. नाव आमच्या गावाचं, रस्ता त्यांचा, कोंडीही त्यांची, आणि इशारा मात्र आम्हाला. मोंढा नाक्यावर सिग्नल बंद आहे, सेव्हन हिलच्या पुलावर ट्रक बिघडला आहे, क्रांती चौकात मोर्चा आहे, हे सगळं मस्तगडातल्या माणसाला तोंडपाठ असतं. आपल्या दारातून मामा चौकापर्यंत पोचायला आज किती वेळ लागेल, हे मात्र त्याला कुठलाच रेडिओ सांगत नाही. ते तो स्कूटर काढून, अर्ध्या वाटेत हातगाडी आणि म्हैस यांच्या मधे उभा राहून, स्वतःच शोधतो.

पाण्याची गोष्ट तर याच्याही वरची आहे. आपल्या देशात खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. द्यायच्याच असल्या तर आकाशवाणीच्या, काना-मात्रा न बदलता. मात्र २०११ च्या धोरणात सरकारनं औदार्य दाखवलं आणि कशाला बातमी म्हणायचं नाही, याची एक यादी दिली. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, सण-समारंभ, आणि पाणी-विजेसारख्या नागरी सोयींच्या सूचना. नळाला पाणी येणार, ही सरकारच्या लेखी बातमी नव्हे! हे ज्यानं लिहिलं त्यानं जालन्यात एकही उन्हाळा काढलेला नसावा. इथं असे उन्हाळे गेले आहेत की पाहुणे येतो म्हणाले तर यजमान आधी नळाचा वार मोजायचे आणि मग आग्रह करायचे. दिल्लीतलं सरकार पडल्याचं कळलं तर मस्तगडात एखादा मान वर करून बघेल. ‘नळ आला’ म्हटलं की साबण लावलेला माणूससुद्धा रस्त्यावर येतो.

आमच्या आधीच्या पिढीला सकाळी हसवावं, असं कुठल्याच रेडिओला वाटलं नव्हतं. निजामाच्या राज्यात औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, रेडिओ स्टेशन होतं. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आलं आणि थोड्याच वर्षांत बंद पडलं. १९६८ मध्ये परभणी केंद्र सुरू झालं. मधली कित्येक वर्षं मराठवाड्याची सकाळ थेट श्रीलंकेतून यायची. रेडिओ सिलोनवर साडेसात ते आठ जुनी गाणी लागत आणि आठला तीन मिनिटं उरली की हमखास सैगल. घड्याळ नसलेल्या घरात सैगल हीच शाळेची पहिली घंटा. जगण्याला वैतागलेल्या त्या आवाजावर मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीनं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि तेल चोपडून भांग पाडले. त्या पिढीला सकाळी विनोद केलेला का खपत नाही, याचं कारण मला तरी यात दिसतं.

आकाशवाणीच्या निवेदकाच्या आवाजाला कडक इस्त्री केलेली असे. कपाशीवरची बोंडअळी, कुणा थोर पुरुषाची पुण्यतिथी आणि लावणी, या तिन्हींची घोषणा तो एकाच पट्टीत करायचा. त्याला गंमत कळत नव्हती असं नाही. पण ड्यूटी रूममध्ये नोंदवही असे, आणि प्रक्षेपणात चुकून हसू फुटलं तर ते ‘तांत्रिक बिघाड’ या रकान्यात घालावं की ‘मानवी चूक’ या, असा पेच पडला असता. विनोद करायचा तर नाट्यविभागात जाऊन, ऑडिशन देऊन, ‘बी’ की ‘बी हाय’ ही श्रेणी लावून घेऊन, मंजूर संहितेबरहुकूम करायचा. सरकारी विनोदाला कागदपत्रं लागत.

आणि तरी तो विनोद जमत होता. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये फक्त तीन माणसं होती. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. महागाईपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत काहीही निघायचं. पंत वैतागायचे, वहिनी टोमणा मारायच्या आणि भावजी नेमके चहाच्या वेळेला टपकायचे. सरकारच्याच रेडिओवर सरकारला चिमटा काढायचा आणि ओरखडा उठू द्यायचा नाही, ही कसरत ते तिघं वर्षानुवर्षं करत राहिले. यातला कुणीही ‘मित्रांनो, काय भारी जोक होता ना?’ असं विचारायला थांबला नाही. बाळ कुडतरकरांनी एरवी आवाजाचे किती नमुने केले असतील याला गणती नाही, पण मराठी घरांत ते पंतच राहिले.

इथं रेडिओच्या नटाच्या नशिबातली मेख आहे. टेकाडे भावजी कसे दिसतात, हे ऐकणाऱ्या प्रत्येक घरानं परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणाच्या घरी ते धाकट्या काकांसारखे होते, कुणाच्या घरी शेजारच्या बिनलग्नाच्या कारकुनासारखे. आवाज प्रभाकर जोशींचा, पण चेहरा प्रत्येक घरचा वेगळा. अशा माणसानं उद्या रंगमंचावर किंवा पडद्यावर यायचं ठरवलं, तर तो एकटा लाखभर चेहऱ्यांशी स्पर्धा करणार कसा? प्रेक्षक पहिली दहा मिनिटं त्याचं काम बघतच नाही. ‘हा एवढा बुटका आहे होय!’ याच दुःखात असतो.

पु. ल. देशपांडे यांनी ही अडचण आधीच निकालात काढली होती. त्यांनी क्रम उलटा ठेवला. १९५३ मध्ये ‘गुळाचा गणपती’ आला, त्यात कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका सगळंच त्यांचं. चेहरा एकदाचा दाखवून झाला आणि मग १९५५ मध्ये ते पुणे आकाशवाणीत नोकरीला लागले. नंतर दिल्लीत दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत काम केलं, ते सोडलं, आणि ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटेच रंगमंचावर उभे राहिले. हल्लीच्या होतकरू आरजेनं हा क्रम अभ्यासायला हरकत नाही. अर्थात पु. ल. असण्याची पहिली अट तेवढी पुरी करावी लागेल.

हिंदी सिनेमानं या आवाज-चेहऱ्याच्या भानगडीवर आपल्या पद्धतीचा उपाय केला. ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये मुन्ना सकाळच्या रेडिओतल्या एका आवाजाच्या प्रेमात पडतो. निर्मात्यानं खबरदारी घेऊन त्या आवाजामागे विद्या बालन बसवली होती, म्हणून पुढचं निभावलं. त्या भूमिकेच्या तयारीसाठी विद्या बालन मुंबईतल्या रेड एफएमच्या मलिष्काकडे गेली होती. पुढे २०१७ मध्ये ‘तुम्हारी सुलू’त विद्या बालन पुन्हा आरजे झाली आणि खरी आरजे मलिष्का त्यात आरजेचंच काम करत होती. दहा वर्षांपेक्षा जास्त काळ सकाळी मुंबईला उठवलं, तर सिनेमात तुम्हाला तुमचीच भूमिका मिळते, आणि तीही दुय्यम!

पण मलिष्काचा खरा विनोदी प्रयोग पडद्यावर झालाच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात, सोनूला भरवशाबद्दल विचारणाऱ्या त्या गाण्यानं गल्लोगल्ली उच्छाद मांडला असताना, तिनं त्याच चालीवर मुंबईच्या खड्ड्यांचं आणि महापालिकेचं गाणं केलं. गाणं लहान होतं, परिणाम मोठा झाला. पालिकेत ५०० कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा लावण्याची मागणी झाली. पालिकेचे लोक तिच्या घरी तपासणीला गेले आणि तिथं डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. एका विनोदानं यंत्रणा इतकी तत्पर होते, हे कळल्यावर सामान्य नागरिकाच्या मनात पहिला विचार काय आला असेल? आपल्या गल्लीवरही कुणीतरी एक गाणं करा रे. खड्डे नाही बुजले तरी निदान डास तरी तपासून जातील. मलिष्का पुढच्या पावसाळ्यात नवं गाणं घेऊन हजर झाली, कारण खड्डे हजर होते. साहित्याचा असा अखंड पुरवठा फार थोड्या विनोदी लेखकांच्या नशिबी असतो.

जालन्याला २०२३ मध्ये महानगरपालिका मिळाली. त्याआधी नगरपालिका होती, खड्डेही होते. आता दोन्हींचा दर्जा वाढला आहे. त्यांवर सकाळी सकाळी गाणं म्हणणारा माणूस तेवढा यायचा आहे.

तसा कुणी आलाच, तर त्याला आधी जालन्याची बोली सोडून यावं लागेल, आणि याचा मला मनापासून राग आहे. मराठवाड्यातलं पोरगं आरजे झालं की त्याचा ‘कामून’ पहिल्याच आठवड्यात गळतो. ‘काय करायलास?’चं ‘काय करतोयस यार?’ होतं. मग कार्यक्रमात एक गावाकडचं पात्र घालायचं ठरतं आणि हाच बिचारा, जी भाषा तो काल आईशी बोलला, तीच नाक चेपून नक्कल म्हणून बोलतो. लोक हसतात. त्याची आईही हसते. लक्ष्मण देशपांडे यांनी नेमकं याच्या उलट केलं. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस १९७९ पासून ‘व्हऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी करत होता. गावची भाषा तशीच्या तशी, आणि पात्र बदललं की आवाज बदललेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुढे तेच व्हऱ्हाड माजलगावच्या संदीप पाठक यांनी खांद्यावर घेतलं. मकरंद अनासपुरे यांनी ही बोली सिनेमात नेऊन तिला नायकाच्या तोंडी बसवलं. तरी सकाळचा रेडिओ तिला अजून पाहुणी म्हणून बोलावतो, आणि तीही टिंगलीच्या पाटावर.

बाहेरच्या जगातसुद्धा सकाळच्या रेडिओवाल्याची कीर्ती बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावावर जमा होते. १९६५-६६ मध्ये सायगावला अमेरिकी फौजेच्या रेडिओवर एड्रियन क्रोनाउअर सकाळचा कार्यक्रम करायचे. त्यांच्यावरून १९८७ मध्ये ‘गुड मॉर्निंग व्हिएतनाम’ निघाला. त्यात रॉबिन विल्यम्स यांनी माइकसमोर असा काही धुडगूस घातला की ऑस्करचं नामांकन मिळालं. खरे क्रोनाउअर पुढे सांगत राहिले, की सिनेमातलं निम्मं जरी मी केलं असतं तरी लष्करानं मला तुरुंगात टाकलं असतं. आमच्याकडे आयुष्मान खुराना दिल्लीत सकाळचा कार्यक्रम करत होता, तो पुढे नट झाला. सुनील ग्रोवरनं रेडिओवर ‘सुद’ नावाचं पात्र केलं होतं. दोघंही पुढे गेले म्हणून आपल्याला माहीत. जे मागे राहिले ते अजून सहा वाजता स्टुडिओत पोचतात.

अशा मागे राहिलेल्या आरजेची कारकीर्द कुठल्याही जिल्ह्याच्या गावी सारखीच. पहिलं वर्ष आवाज टिकवण्यात जातं, दुसरं प्रायोजक टिकवण्यात. सळईच्या जाहिरातीत सासराही तोच आणि जावईही तोच. सासरा विचारतो, घर कशाचं बांधलं? जावई सळईचं नाव सांगतो आणि दोघं मिळून हसतात. बियाण्याच्या जाहिरातीत तोच शेतकरी होतो. आमच्या जालन्यात सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या एवढ्या, की एखाद्या गुणी नटाचं आयुष्य सासरा आणि शेतकरी यांतच आरामात सरेल. संध्याकाळी दुकानांची उद्घाटनं. तिथं त्याची ओळख ‘सर्वांचे लाडके’ अशी करून देतात आणि लगेच लहान मुलाला पुढे ढकलतात, ‘जा, काकांना म्हण, तो आवाज काढून दाखवा.’ मग एके दिवशी सिनेमात काम मिळतं. नायकाचा मित्र. दोन प्रसंग, त्यांतल्या एकात पाठमोरा. गावात बॅनर मात्र असा लागतो की नायकालाच वाटावं, आपण याच्या सिनेमात कसे आलो.

मस्तगडाचा स्वतःचा सकाळचा माणूस आहे. तो रेडिओत नाही, रिक्षात बसतो. टपावर दोन कर्णे, हातात माइक, मांडीवर वही. साड्यांचा सेल, हरवलेलं पाकीट, नवीन क्लासचे प्रवेश, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं त्याच्या तोंडून निघतं. मराठीत सुरुवात करतो, चौकात वळला की दखनी हिंदीत जातो, आणि मारवाडी दुकानासमोर ‘पधारो’ म्हणून परत मराठीत येतो. गणपतीत मंडळाच्या नाटकात विनोदी काम त्याचंच. धुळवडीला हत्ती रिसाला निघतो तेव्हाही गर्दीत सगळ्यात मोठ्यानं कोण बोलतंय, हे पाहायला मान वळवावी लागत नाही. दोन जाहिरातींच्या मधे तो स्वतःच्या पदरचं काहीबाही घालतो. नळाचा वार, कुठल्या गल्लीत लाइट गेली, कुणाची म्हैस सुटली. सरकारच्या यादीप्रमाणे यातली एकही बातमी नव्हे, त्यामुळे कायद्यानंही तो निर्दोष.

टपरीवर एकदा कुणीतरी त्याला म्हणालं, “भाऊ, तुमी रेडिओत जात कामून नाहीत? आवाज लई भारी हाय.”

त्यानं बशीतला चहा संपवला आणि वायरीला लटकलेल्या रेडिओकडे हात केला. संभाजीनगरचा आरजे जालना रोडची कोंडी सांगत होता. टपरीवाल्यानं कंटाळून खटकन बटण बंद केलं.

“बगितलं का?” तो म्हणाला. “त्याला बटण हाय. मला कोण बंद करतंय?”

मग रिक्षा सुरू करून तो साड्यांचा सेल ओरडत निघाला आणि कोपऱ्यावरच्या कोंडीत अडकला. पुढं ट्रॅक्टर, मागं टेम्पो. पुढचा पाऊण तास त्याच पंधरा माणसांना त्यानं तोच सेल ऐकवला. त्यांतल्या दोघी वैतागून उतरल्या, दुकानात गेल्या आणि साड्या घेऊन आल्या, तेव्हाही ट्रॅक्टर तिथंच होता.